प्रेक्षकाचं मत कुणाच्या खिशात?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य मराठवाड्यात शाळकरी पोरांच्याही तोंडी असतं. फुटबॉलपुरतं बोलायचं तर या दोन टोकांमधलं सगळ्यात मोठं अंतर मैदानांचं किंवा पैशाचं नाही, ते मताचं आहे. जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या क्लबांत वर्गणी भरणारा साधा समर्थक हा रीतसर सभासद असतो. वार्षिक सभेला जातो, हात वर करतो, अध्यक्षाला उभं करून जाब विचारतो. परभणी, सेलू किंवा पूर्णा इथला फुटबॉलवेडा तरुण मध्यरात्र उलटून गेल्यावर मोबाइलवर बार्सिलोनाचा सामना पाहतो. अंगात त्याच क्लबची जर्सी असते आणि खेळाडूंची दुखणीखुपणीही त्याला पाठ असतात. पण त्याच्या आवडत्या खेळाचं भवितव्य जिथे ठरतं, अशा एकाही खोलीत त्याचं मत मोजलं जात नाही.

मत मिळालं म्हणजे प्रश्न सुटला, असं मात्र अजिबात नाही. मत मिळालेल्या समर्थकाला एक वेगळीच चिंता लागते. आपण पाठवलेला माणूस आत जाऊन काय करतो?

११ डिसेंबर २०२३ रोजी फ्रँकफर्टमध्ये जर्मन फुटबॉल लीगची सभा भरली होती. पहिल्या दोन श्रेणींतल्या ३६ क्लबांचे प्रतिनिधी जमले होते. लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला जास्तीत जास्त आठ टक्के वाटा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा आणि त्या बदल्यात सुमारे शंभर कोटी युरो घ्यायचे, असा प्रस्ताव होता. तो मंजूर व्हायला दोन तृतीयांश, म्हणजे २४ मतं हवी होती. मतदान गुप्त झालं. बाजूने बरोबर २४ मतं पडली, विरोधात १०, आणि दोघे तटस्थ राहिले. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर प्रस्ताव पडला असता.

हे एक मत कुणाचं, याचा शोध समर्थकांनी त्याच आठवड्यात सुरू केला. हॅनोव्हर ९६ या क्लबच्या मूळ सभासद संस्थेने आपले प्रतिनिधी मार्टिन किंड यांना ‘विरोधात मत द्या’ असा स्पष्ट आदेश दिला होता. ज्या क्लबांनी आपण विरोध केल्याचं जाहीरपणे सांगितलं त्यांची बेरीज करून समर्थकांनी बोट किंड यांच्याकडे वळवलं. किंड यांनी आपलं मत उघड केलं नाही. गुप्त मतदानात तो त्यांचा अधिकारच होता. पण संशय एकदा गॅलरीत पोहोचला की तो गुप्त राहत नाही. पुढचे दोन महिने जर्मनीत सामन्यांमागून सामने थांबत राहिले. प्रेक्षक मैदानात टेनिसचे चेंडू फेकत, सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटची नाणी फेकत. कुठे तर रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या मैदानात सोडल्या गेल्या. पंच खेळ थांबवायचे, कर्मचारी चेंडू वेचायचे, पुन्हा खेळ सुरू व्हायचा. शेवटी २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने तो सगळा व्यवहारच गुंडाळला.

परभणी जिल्ह्यातल्या वाचकाला ही गोष्ट समजायला फुटबॉलची गरज नाही. जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक आली की गावोगावच्या विकास सोसायट्या ठराव करून एकेक प्रतिनिधी पाठवतात. मत सोसायटीचं, पण ते टाकायचा हात एका माणसाचा. ठराव झाल्यापासून मतदान होईपर्यंत हे ठरावधारक कुठे असतात, कुणाच्या पाहुणचारात असतात आणि आत जाऊन कुणाच्या नावापुढे शिक्का मारतात, याच्या चर्चा महाराष्ट्रात पारावर रंगतात. सोसायटीच्या साध्या सभासदाला निकाल कळतो, आपलं मत कुठे गेलं हे कळत नाही. हॅनोव्हरच्या समर्थकाची तक्रार नेमकी हीच होती.

जर्मनीत समर्थकाला हे मत मिळतं ते ‘पन्नास अधिक एक’ या नियमामुळे. १९९८ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने क्लबांना आपला व्यावसायिक संघ कंपनीत रूपांतरित करायची परवानगी दिली, पण एक अट घातली: कंपनीत भांडवल कुणाचंही असो, मतांची निम्म्याहून एक जास्त संख्या मूळ सभासद संस्थेकडेच राहील. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग यांसारख्या कारखान्यांच्या क्लबांना जुन्या नात्यामुळे सवलत मिळाली. लाइपझिगच्या क्लबने मतदानाचा अधिकार असलेले सभासद मोजकेच ठेवून नियमाचा शब्द पाळला आणि आशय बाजूला ठेवला, म्हणून जर्मनीतले जुने समर्थक आजही चिडून आहेत. तरीही नियम टिकून आहे, कारण त्याच्यामागे आपलं मत वापरायची सवय असलेली लाखो माणसं आहेत.

भारतात ही सवय लागायला जागाच नाही.

इथली उतरंड अशी आहे. जिल्ह्यात फुटबॉल संघटना. जिल्ह्यांच्या वर मुंबईची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’. विफासारख्या राज्य संघटनांच्या वर दिल्लीचा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. परभणीतल्या प्रेक्षकाचा आवाज दिल्लीत पोहोचायचा तर त्याला हे सगळे जिने चढावे लागतात, आणि पहिल्याच जिन्याच्या पायरीवर त्याला कुणी सभासद करून घेत नाही. क्लब असतात, संघ असतात, पदाधिकारी असतात. प्रेक्षक नावाचा घटक घटनेत कुठेच नाही.

२०२२ साली या उतरंडीचं जे दर्शन देशाला झालं ते विसरण्यासारखं नाही. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून महासंघाचे अध्यक्ष होते. डिसेंबर २०२० मध्ये कार्यकाळ संपूनही निवडणूक झाली नाही आणि १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कार्यकारिणी बाजूला सारून प्रशासकांची समिती नेमली. ऑगस्टच्या मध्यावर जागतिक संघटना फिफाने ‘बाहेरच्यांचा हस्तक्षेप’ म्हणून भारताला निलंबित केलं. या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धा खेळायला ताश्कंदला पोहोचल्या होत्या; त्यांना एकही सामना न खेळता परतावं लागलं. न्यायालयाने समितीचे अधिकार काढून घेतल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि २ सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला माजी गोलरक्षक कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला बायचुंग भुतिया. भुतियाला ओळखत नाही असा फुटबॉलप्रेमी या देशात सापडणं अवघड. निकाल लागला ३३ विरुद्ध १.

चौबे यांची निवड नियमानेच झाली. प्रश्न तिच्या वैधतेचा नाही. पण गॅलरीतल्या माणसांचं मन आणि त्यांच्या नावाने टाकलेली मतं यांच्यात किती अंतर पडू शकतं, हे त्या एका आकड्याने दाखवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. तिच्यामुळे माजी नामवंत खेळाडूंना सर्वसाधारण सभेत बसायला जागा मिळाली आहे, हे चांगलंच झालं. तिकीट काढून येणाऱ्या माणसासाठी अजून तशी एक खुर्चीही नाही.

त्याची आठवण होते ती स्टँड रिकामे पडल्यावर. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून हात जोडले: आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. ४ जूनला केनियाविरुद्ध, छेत्रीच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात तेच मैदान खचाखच भरलं. लोक आले कारण ज्याच्यावर त्यांचा विश्वास होता अशा माणसाने त्यांना हाक दिली. संघटनेच्या एखाद्या पदाधिकाऱ्याच्या आवाहनाला अशी गर्दी झाली असती, असं म्हणवत नाही.

आता पुण्याची गोष्ट. परभणीला ती वाटते त्याहून जवळची आहे.

पुण्यात बारा वर्षांत तीन व्यावसायिक क्लब आले आणि तिन्ही गेले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. त्यांचे समर्थक बालेवाडीत ढोल घेऊन येत असत. मालकांनी हात आखडता घेतला आणि क्लब मिटला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, त्याची ‘ऑरेंज आर्मी’ उभी राहिली, आणि २०१९ मध्ये त्याचीही जागा रिकामी झाली. मुंबईत याहून वेगळं काही घडलं नव्हतं. महिंद्रा युनायटेडसारखा विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला. कूपरेजवर ‘यलो ब्रिगेड’ ज्याच्यासाठी गळा फोडायची तो मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि नंतर दिसेनासा झाला. यातल्या एकाही वेळी समर्थकांना बोलावून ‘आम्ही बंद करतोय, तुम्ही काही करू शकता का?’ असं विचारल्याचं दिसत नाही. त्यांना बातमीतून कळलं.

पुण्याची लीगमधली जागा ऑगस्ट २०१९ मध्ये हैदराबादला गेली. हैदराबाद हे नाव परभणीकरांना परकं नाही. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली हैदराबादी फुटबॉल देशाला खेळाडू पुरवत होतं तो हाच काळ. मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला त्यानंतर महिनाभरानेच, १ डिसेंबर १९५६ रोजी, रहीम यांच्या संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवून उपांत्य फेरी गाठली. तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे. फाळणीनंतरच्या त्या दशकात फुटबॉल म्हटलं की लोक कोलकात्याइतकंच हैदराबादचं नाव घेत.

म्हणून हैदराबाद एफसी आला तेव्हा जुन्या शहराला आपलं काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटलं. ‘डेक्कन लीजन’ हा समर्थक गट उभा राहिला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना पेनल्टीपर्यंत गेला. गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने गोलमध्ये उभं राहून केरळ ब्लास्टर्सच्या पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद विजेता झाला. दोन वर्षांत तोच क्लब खेळाडूंचे पगार देईनासा झाला, नामवंत खेळाडू एकेक करून सोडून गेले, पुढे मालक बदलले. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब दिल्लीला हलला आणि त्याचं नाव ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झालं.

सहा-सात वर्षांत एकच जागा पुण्याहून हैदराबादला आणि हैदराबादहून दिल्लीला गेली. मागे राहिले ते बॅनर, ढोल आणि ते वाजवणारी माणसं. क्लब ही मालकाची मालमत्ता आहे हे कायद्याने खरं असेल. पण एखाद्या शहराचं नाव छातीवर लावून, त्या शहराच्या लोकांना ‘तुमचा क्लब’ असं सांगून तिकिटं विकायची आणि जाताना त्यांची एका निवेदनावर बोळवण करायची, यात जी फसवणूक आहे तिला कायद्याच्या पुस्तकात नाव नसलं तरी ती फसवणूकच आहे.

२०२५ चं सालच असं गेलं. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आल्याने जुलैत इंडियन सुपर लीग स्थगित झाली. हक्कांसाठी निविदा काढल्या तेव्हा एकही बोली आली नाही. वर्षअखेरीस मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुपने अंग काढून घेतलं. २०१९ मध्ये ६५ टक्के वाटा घेऊन आलेला हा परदेशी समूह परत गेला. फेब्रुवारी २०२६ मध्ये छोटेखानी हंगाम कसाबसा सुरू झाला. या सगळ्या महिन्यांत खेळाडू बोलले, क्लब बोलले, न्यायालय बोललं. मुंबईच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’पासून देशभरच्या समर्थक गटांनी निषेधाची पत्रकं काढली, पण चर्चेच्या टेबलापाशी त्यांना कुणी बोलावलं नाही.

महाराष्ट्रात समर्थक, खेळाडू आणि प्रतिनिधी एकाच गल्लीत राहतात असं एक शहर आहे. कोल्हापूर. तिथला फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं आधी पेठेची आणि मग संघाची. हंगाम सुरू झाला की राजर्षी शाहू स्टेडियमकडे पेठाच्या पेठा लोटतात. वरिष्ठ गटाच्या साखळीत १६ संघ असतात आणि साखळी संपली की बाद पद्धतीच्या स्पर्धांची रांग लागते. गोल झाला की तो कुणाच्या घरच्या पोराने केला हे अर्ध्या स्टँडला माहीत असतं. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तो याच मातीतला.

इथे समर्थकाला प्रतिनिधी शोधत फिरावं लागत नाही; तालमीचा पदाधिकारी संध्याकाळी कट्ट्यावरच भेटतो. संघांची आणि स्पर्धांची सूत्रं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे ‘केएसए’कडे आहेत. तिचे अध्यक्ष मालोजीराजे छत्रपती २०२२ पासून महासंघाच्या कार्यकारिणीतही आहेत. म्हणजे शाहू स्टेडियमच्या पायरीपासून दिल्लीपर्यंतचा रस्ता कोल्हापुरात तरी तुटलेला नाही.

तरीही अविश्वास आहे, आणि त्याचं कारण वेगळं आहे. हुल्लडबाजी झाली, दगड पडले, पोलिसांना लाठी उगारावी लागली की कारवाई संघावर होते. पंचांच्या निर्णयावरून वाद झाला की एका पेठेला वाटतं असोसिएशन दुसऱ्या पेठेच्या बाजूने आहे. स्पर्धांना नेत्यांची नावं असतात, बक्षिसांची रक्कम नेते देतात, आणि मग मैदानावरची ईर्ष्या महापालिकेच्या राजकारणाशी कुठे जोडली जाते हे सांगणं कठीण होतं. या सगळ्यात समर्थक म्हणून समर्थकाचं स्वतःचं असं व्यासपीठ नाही. त्याला बोलायचं तर तो संघामार्फत बोलणार, आणि संघाला असोसिएशनशी संबंध सांभाळायचे असतात. त्यामुळे तो बोलण्याऐवजी ओरडतो. पोलिसांच्या बंदोबस्तावर जेवढा खर्च होतो त्याचा काही अंश हंगामाआधी पेठांच्या समर्थकांबरोबर एका सतरंजीवर बसण्यात गेला, तर बरंच काही टळेल.

समर्थकांनी स्वतःची संघटना उभारली की सगळं सुरळीत होतं, असं मानणाऱ्यांनी मँचेस्टरच्या एफसी युनायटेडकडे पाहावं. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला तेव्हा चिडलेल्या समर्थकांनी हा क्लब काढला. एक सभासद, एक मत. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यांनी स्वतःचं मैदान उभारलं आणि बेनफिकाचा संघ उद्घाटनाला खेळून गेला. आणि पुढच्याच वर्षी सभासदांचा आपण निवडून दिलेल्या संचालकांवरच विश्वास उडाला. निर्णय आम्हाला विचारून होत नाहीत, माहिती दाबली जाते, अशा तक्रारी होत्या. सुरुवातीपासून क्लब चालवणारे महाव्यवस्थापक बाजूला झाले, मंडळातल्या अनेकांनी राजीनामे दिले. मालक धनदांडगे नव्हते, परदेशी नव्हते, समर्थकच होते. तरीही दार बंद झालं की बाहेरचा माणूस अस्वस्थ होतोच.

विम्बल्डनच्या समर्थकांनी हीच कसोटी दुसऱ्या तऱ्हेने पार केली. त्यांचा क्लब २००२ मध्ये मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन काढला आणि सर्वांत खालच्या पायऱ्यांवरून सुरुवात केली. जुन्या प्लो लेनच्या परिसरात नवं स्टेडियम बांधताना २०१९ च्या अखेरीस पैसे कमी पडले. क्लबची मालकी असलेल्या समर्थकांच्या ट्रस्टपुढे सोपा मार्ग होता: वाटा बाहेरच्यांना विकायचा. सभासदांनी तो प्रश्न अंगावर घेतला, आकडे मागितले, वाद घातले आणि रोखे काढून पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम आपापसात जमवली. नोव्हेंबर २०२० मध्ये क्लब घरी परतला. त्या वेळी संचालकांना कटू प्रश्न ऐकावे लागले, पण उत्तरं सभेत आणि आकड्यांत दिली गेली. मँचेस्टरमध्ये नेमकं हेच राहून गेलं होतं.

केरळमध्ये ‘मंजप्पडा’ ही भारतातली बहुधा सर्वात मोठी समर्थक संघटना आहे. २०२४-२५ च्या हंगामात ब्लास्टर्स सतत हरत होते आणि डिसेंबरमध्ये मंजप्पडाने जाहीर केलं की क्लबची तिकिटं आम्ही यापुढे विकणार नाही, स्टेडियमबाहेर निदर्शनं करू. क्लबला जाग आली. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी समर्थकांचं सल्लागार मंडळ नेमण्याची घोषणा केली आणि अर्ज मागवले. भारतात असं काही होणं हेच मोठं पाऊल होतं. पण सल्लागार कोण असावा हे क्लबने ठरवायचं असेल तर तो सल्लागार कुणाचा? ज्याला क्लबने खुर्ची दिली त्याच्याकडे गॅलरी पहिल्या दिवसापासून संशयाने पाहणार, मग तो कितीही प्रामाणिक असो. इंग्लंडमध्ये हाच अनुभव आला. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लब युरोपियन सुपर लीगमध्ये गुपचूप सामील झाले आणि समर्थक रस्त्यावर उतरल्यावर दोन दिवसांत सहाही बाहेर पडले. त्यानंतर क्लबांना समर्थकांची मंडळं स्थापावी लागली. तरीही प्रश्न मिटला नाही म्हणून २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेला फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा करावा लागला.

परभणीच्या मुलांच्या अंगावरच्या बार्सिलोना जर्सीलाही एक इतिहास आहे, तो त्यांनी जरूर वाचावा. त्या क्लबचे सव्वा लाखाहून अधिक सभासद आहेत आणि अध्यक्ष तेच निवडतात. २०२० मध्ये अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेऊ यांच्यावर आरोप झाला की क्लबच्या पैशातून एका कंपनीला नेमून आपल्याच टीकाकारांची आणि खेळाडूंची समाजमाध्यमांवर बदनामी करवली गेली. सभासदांनी करोनाच्या काळात सह्यांची मोहीम उघडली. अविश्वास ठरावासाठी साडेसोळा हजार सह्या लागत होत्या, त्याहून जास्त जमल्या. मतदान होण्याआधीच, २७ ऑक्टोबर २०२० रोजी, बार्तोमेऊ यांनी राजीनामा दिला. ग्रामपंचायतीत सरपंचावर अविश्वास येतो तशीच ही रीत. तिथल्या एका सभासदाच्या सहीला वजन आहे. परभणीतल्या चाहत्याने तीच जर्सी पूर्ण किमतीला घेतली तरी त्याच्या सहीला वजन नाही. अधिकृत ‘समर्थक क्लबां’ची जी सभासदत्वं भारतात घेतली जातात, त्यांतून तिकिटांत प्राधान्य मिळतं, एकत्र सामने पाहायला मिळतात, मतपत्रिका मिळत नाही.

आणि इथे महाराष्ट्राने थोडं लाजावं असं एक उदाहरण आहे. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली क्लबने २०२४ मध्ये चक्क सहकारी संस्था काढली. एक हिस्सा ७५० युरोंचा. काही महिन्यांत वीस हजारांहून जास्त माणसांनी हिस्से घेतले, अडीच कोटी युरोंहून अधिक भांडवल जमलं आणि मिलर्नटोर स्टेडियमचा बहुसंख्य वाटा त्या संस्थेकडे गेला. कुणी किती हिस्से घेतले याला महत्त्व नाही, मत एकच. हे तत्त्व महाराष्ट्राला शिकवायची गरज नव्हती. प्रवरेकाठी लोणीत १९५० मध्ये धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला तो याच तत्त्वावर. दूध, सूत, पतपुरवठा, घरबांधणी यांत आपण सहकार आणला. फुटबॉलचं मैदान मात्र उद्योगसमूहाच्या मर्जीवर आणि नेत्याच्या देणगीवर सोडून दिलं. सहकारात आपल्याकडे सभासदांच्या विश्वासाचं काय झालं हेही विसरता येत नाही: कारखाने कर्जात बुडाले, विकले गेले, आणि ज्यांच्या उसावर ते उभे होते त्यांना लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली. पुण्याच्या ऑरेंज आर्मीचं आणि त्या ऊसउत्पादकाचं दुःख एकाच जातीचं आहे.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, नवी मुंबईतही होणाऱ्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने, राज्यभरातल्या शाळांतून एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा सरकारी उपक्रम झाला होता. शाळांना चेंडू वाटले गेले. त्या दिवशी जिल्ह्यात ज्यांनी पहिल्यांदा चेंडूला पाय लावला ती मुलं आता विशीत आली आहेत. मुंबईत सामना पाहायचा तर ती देवगिरी एक्सप्रेसने रात्र काढून जातात आणि परततात. आपल्या जिल्ह्यात वयोगटांचे सामने नियमित का होत नाहीत, निवड चाचणी कधी झाली आणि कुणाला कळवली होती, विफाच्या सभेला जिल्ह्याकडून कोण गेलं आणि तिथे काय बोललं, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

विचारायची वाटही आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला सात माणसं पुरतात. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा. समर्थकांची अशी संस्था परभणीत निघाली तर तिच्या नियमावलीत दोन गोष्टी पहिल्या दिवशीच लिहून घ्याव्या लागतील. एक, वरच्या संघटनेकडे किंवा क्लबकडे पाठवायचा प्रतिनिधी सभासद मतदानाने निवडतील आणि तोच माणूस लागोपाठ किती वेळा जाऊ शकतो याला मर्यादा असेल. दोन, ज्या विषयावर सभेने ठराव केला आहे त्यावर आपण काय मत दिलं, हे तो परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत सभेत सांगेल आणि ते इतिवृत्तात नोंदवलं जाईल. हॅनोव्हरच्या सभासदांकडे आदेश देण्याचा अधिकार होता, त्याची अंमलबजावणी तपासायची सोय नव्हती.

नोंदणीकृत क्रीडा संघटनांना कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल द्यावा लागतो, आणि दर वर्षीचे लेखापरीक्षित हिशेबही. परभणीत सहायक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथली नोंदवही पाहायला आणि नकला काढायला अर्ज आणि ठरलेलं शुल्क पुरतं. त्यासाठी पदाधिकारी असावं लागत नाही, खेळाडूही असावं लागत नाही.